मुलाणी सर आणि छकुलीचे तात्या

लासुर्णे आणि सणसरच्या मधे, डांबरी सोडून जरा आत, एक हायस्कूल आहे. त्याचं नाव इथं नको. सांगितलं तर माणसं लगेच ओळखू येतील आणि उगाच वादावादी होईल. तिथं मुजफ्फर बादशाह मुलाणी नावाचे सर गेली चोवीस वर्षं विज्ञान शिकवतात. उंचीनं बेताचे, शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कुणीतरी यांच्या पुढं रांगेत घुसलंय. तसे ते सगळंच शिकवतात. आम्ल शिकवतात, आरसे शिकवतात, वनस्पतींचं वर्गीकरण शिकवतात; पण ते शिकवणं म्हणजे उरकणं. जीव लावून शिकवतात ते एकच. नववीच्या पहिल्या धड्यातला वेग-काल आलेख.

त्याची त्यांची एक पद्धत ठरलेली आहे. आलेखाचा पहिला तास आला की सर फळ्याकडं फिरकतसुद्धा नाहीत. सगळा वर्ग मैदानात नेतात. कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की डब्यात घेतलेली असते. त्या फक्कीनं ते जमिनीवर एक आडवी रेघ मारतात, एक उभी मारतात. आडवीवर काळ, उभीवर वेग. मग दोन्हींच्या कोपऱ्यातून एक रेघ तिरकी वर चढवतात, थोडी सपाट नेतात आणि पलीकडं तिरकीच खाली उतरवतात. हात झटकतात आणि विचारतात, “काय दिसतंय?”

उत्तर चोवीस वर्षांत बदललेलं नाही. सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, “कालव्याचा पूल!”

यात पोरांचं काही चुकत नाही. या भागात प्रत्येक वस्तीचा रस्ता कुठं ना कुठं कालवा ओलांडतो, आणि कालव्यावरचा पूल म्हणजे अलीकडून चढ, मधे सपाट, पलीकडं उतार. शाळेत येताना सायकल ढकलत तो चढायचा आणि दोन्ही पाय वर घेऊन तो उतरायचा, हे ज्यांचं रोजचं, त्यांना त्या आकारात दुसरं काय दिसणार?

एखादं पोर असतं, ज्याला मोठ्या भावानं आधीच सगळं सांगून ठेवलेलं असतं. ते बाकीच्यांना हसतं. सर त्याला जागेवर थांबवतात. “हसायचं नाही. मलाही नववीत पूलच दिसला होता. आमच्या सरांनी मला बाकावर उभं केलं आणि सगळा वर्ग माझ्यावर हसवला. म्हणून माझ्या तासाला पुलाला कुणी हसायचं नाही.” मग एकेका पोराला ते त्या आडव्या रेघेवरून चालायला लावतात. आधी हळू, मग भराभर, मग एका चालीनं, मग मंदावत मंदावत थांबायचं. “रस्ता कसा आहे? सपाट. मग वर चढलं कोण? वेग चढला. सपाट रेघ म्हणजे काय, थांबला? थांबला नाही, एका वेगानं चाललाय.” अर्ध्या तासात पोरांच्या डोळ्यांपुढचा पूल विरघळतो. तालुक्यात हा धडा असा कुणी शिकवत नाही, हे सगळे मान्य करतात. सर तर करतातच.

आता माणूस एवढा भला, तर त्याच्यात खोट काय? खोट एकच. मुलाणी सरांना दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही. कुणी बंगला बांधला, कुणी चारचाकी घेतली, यात ते कुणाचं वाईट चिंतणार नाहीत. पण आलेख दुसऱ्यानं शिकवला आणि तो पोरांना आवडला, की यांच्या पोटात दुखलंच म्हणून समजा. इंदापूरला शिक्षकांच्या प्रशिक्षणात एकदा आलेखाचा नमुना पाठ एका तरुण सरांना दिला होता. मुलाणी सर मागच्या रांगेत बसून तासभर त्याच्या चुका वहीत टिपत होते. अकरा सापडल्या. त्यातल्या नऊ अक्षराच्या होत्या. बारामतीच्या एका क्लासचे व्हिडिओ पोरं मोबाईलवर बघतात असं कळल्यावर त्यांनी ते सगळे व्हिडिओ स्वतः बसून पाहिले आणि प्रत्येकाच्या खाली नापसंतीचा अंगठा दाबला.

“अवो, जगात आलेख काय तुमच्या एकट्याच्या नावाव हाय का?” त्यांची बायको बिस्मिल्ला म्हणाली. “काढू द्या की लोकान्ला.”

“काढू देत. पण नीट काढू देत,” सर म्हणाले, आणि पुढचा व्हिडिओ लावला.

तर असे हे सर, आणि त्यांच्या नववी ‘अ’ मध्ये यंदा छकुली आली. हेच तिचं हजेरीतलं नाव. घरात हाक मारायचं तेच शाळेत घालून टाकलेलं. दोन घट्ट वेण्या, काटकुळा जीव, आणि प्रश्न विचारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. आलेखाच्या पहिल्या तासाला तीही सगळ्यांबरोबर “पूल” म्हणून ओरडली. पण पूल विरघळल्यावर ती उठून फक्कीच्या रेघेच्या आत जाऊन उभी राहिली.

“सर, रेघेचं कळलं. पण रेघेखाली ही एवढी जागा सुटली, ती कशाची?”

सर बघतच राहिले. रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर, हे दरवर्षी त्यांना आपणहून सांगावं लागायचं आणि पोरं ते पाठ करायची. चोवीस वर्षांत हा प्रश्न कुणी स्वतःहून विचारला नव्हता. त्या दिवशी सरांनी तो प्रश्न घरी चहा घेताना एकदा सांगितला आणि जेवताना पुन्हा सांगितला. तेव्हापासून त्यांचा तास म्हणजे छकुलीचा तास झाला. सगळा वर्ग “कळलं” म्हणाला तरी तिची मान हलल्याशिवाय सर पुढं जायचे नाहीत. आपण जे बोलतो ते एका डोक्यात जसंच्या तसं उतरतंय आणि ते फक्त आपल्याच तोंडून उतरतंय, याची त्यांना चटकच लागली.

ऑगस्टात घटक चाचणी झाली. सरांनी प्रश्न मुद्दाम इथला काढला होता. उसानं भरलेला एक ट्रॅक्टर विराम अवस्थेतून निघतो, वीस सेकंदांत सेकंदाला पाच मीटर वेग घेतो, चाळीस सेकंद त्याच वेगानं जातो आणि पुढच्या दहा सेकंदांत थांबतो. आलेख काढा आणि कापलेलं अंतर सांगा. उत्तर दोनशे पंचाहत्तर मीटर. पोरांनी पट्टीनं तीन सरळ रेघा ओढल्या आणि मोकळी झाली.

छकुलीचा पेपर हातात आला तेव्हा सरांना आधी वाटलं, हिची पट्टी मोडकी असावी. चढणारी रेघ सरळ नव्हतीच. थोडी वर जायची, मग खाली खाच, पुन्हा वर, पुन्हा खाच. अशा तीन खाचा. आणि खाली लिहिलं होतं, ‘२७५ मीटर येतं, पण खरं त्याहून थोडं कमी.’

सरांनी आलेखाला शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन टेबलापाशी आली.

“सर, तात्या म्हणतात, भरल्या ट्रॅक्टरचा वेग असा सरळ चढत नाही. गेअर टाकायला क्लच दाबला की ट्रॉल्या मागं खेचतात आणि वेग पडतो. तीनदा गेअर टाकला म्हणून तीन खाचा.”

“तात्या कोण?”

“माझे वडील. ट्रॅक्टर चालवतात. कारखान्याला ऊस नेतात.”

“प्रश्नात क्लच दिलाय का?”

“नाही सर.”

“मग जे दिलंय त्याचा आलेख काढायचा. तात्यांचा नाही.”

वर्ग हसला. छकुली हसली नाही आणि रडलीही नाही. तिनं पेपर नीट घडी करून वहीत ठेवला. सर खुर्चीत बसले खरे, पण त्यांच्या आत काहीतरी खुपायला लागलं. कारण त्या तीन खाचा खोट्या नव्हत्या. उत्तरही खोटं नव्हतं. खाचा धरल्या तर रेघेखालची जागा खरंच घटते, म्हणजे अंतर खरंच थोडं कमी. आणि हे तिला त्यांनी शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या मैदानात, त्यांच्या फक्कीच्या रेघेत, एक परका माणूस चिखलाच्या पायांनी येऊन गेला होता आणि तिनं त्याला येऊ दिलं होतं.

पुढं तर रोजचंच झालं. घर्षणाचा विषय निघाला, “तात्या म्हणतात, झिजलेला टायर ओल्या मातीत आधी घसरतो.” जडत्व निघालं, “तात्या म्हणतात, मागच्या ट्रॉलीला धक्का उशिरा बसतो.” मग बाकीच्या पोरांनाही चेव आला. ज्यांचे बाप ट्रॅक्टरवर होते, त्यांनी आपापले बाप आणायला सुरुवात केली. ज्यांचे नव्हते, ते छकुलीच्याच तात्यांचं नाव घेऊ लागले. सरांनी एखादी गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरून हळूच यायचं, “तात्याला इचारू.”

छकुलीचा बाप म्हणजे कुंडलिक. रुंद खांद्यांचा, सावळा, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. सरांनी पूर्वी त्याला शंभर वेळा पाहिलं असेल, पण नजरेत भरला नव्हता. आता तो जिथं तिथं दिसायला लागला. चहाच्या टपरीवर दिसायचा, सोसायटीच्या कट्ट्यावर दिसायचा. “नमस्कार सर,” म्हणून हात जोडायचा, आणि सर मोबाईल काढून काहीतरी महत्त्वाचं वाचायला लागायचे. याच्याकडं आहे काय? नववी नापास माणूस. त्वरण म्हणजे काय, विचारलं तर तोंडाकडं बघेल. आणि माझ्या पोरीला हा शिकवतो! ‘माझ्या पोरीला’ असं आपण मनात म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते जास्तच चिडले, कारण पोरगी खरोखर त्याचीच होती.

“तुमी त्या कुंडलिकवर जळताय,” बिस्मिल्ला एकदा सरळच म्हणाली.

“मी? त्याच्यावर? कशासाठी?”

“ते तुमाला ठावं. पर भाजी ताटात तशीच हाय.”

हे सगळं कमी होतं म्हणून की काय, मुख्याध्यापिका गावडे मॅडमच्या कानावर ते ‘तात्या म्हणतात’ गेलं. मॅडमचं पूर्ण नाव रेश्मा गावडे. शाळेत येऊन एकच वर्ष झालेलं आणि रोज नवीन काहीतरी करायचा उत्साह. त्यांना ते फारच आवडलं. त्यांनी ठरवलं, कुंडलिकरावांना ट्रॅक्टर घेऊन शाळेत बोलवायचं. हंगाम अजून सुरू व्हायचा होता, ट्रॅक्टर रिकामाच होता. “मुलाणी सर, तुमचाच धडा, तुम्हीच सोबत राहा,” मॅडम म्हणाल्या. सर “हो मॅडम” म्हणाले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी ट्रॅक्टर मैदानात आला. कुंडलिकनं तो धुऊन पुसून आणला होता, मागं एक ट्रॉली जोडली होती. पहिल्यांदा तो लाजला. हात कुठं ठेवावेत कळेना. मग त्यानं एक हात ट्रॅक्टरच्या चाकावर ठेवला आणि त्याला धीर आला.

“पोरांनो, येग काट्याव बघायचा नसतो,” तो म्हणाला. “माझा काटा तीन वर्सं झाली बंदच हाय. येग ढुंगणाला कळतो.”

मैदान फुटेल एवढं हसू उठलं. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. कुंडलिकनं पोरं ट्रॉलीत बसवली आणि ट्रॅक्टर मैदानात हळूहळू फिरवला. “आता क्लच दाबतो, ध्यान ठिवा,” असं ओरडला की सगळी पोरं एकदम पुढं झुकायची. गेअर पडून ट्रॅक्टर ओढायला लागला की सगळी मागं. “पुढं गेलासा? मंजी येग पडला. मागं आलासा? मंजी चढला. डोळं झाका आन् सांगा.” पोरं डोळे झाकून “पडला! चढला!” असं ओरडत होती. सरांना मनातून कबूल करावं लागलं की हा माणूस शिकवतोय, आणि चांगला शिकवतोय. ते कबूल करताना त्यांना फार त्रास झाला.

पण त्याहून त्रास झाला तो छकुलीकडं बघून. ती ट्रॉलीत पुढच्या फळीला धरून उभी होती आणि बापाच्या पाठीकडं बघत होती. तो चेहरा सरांनी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या तासाला ती लक्ष द्यायची, विचार करायची, मान हलवायची; पण अशी उजळून निघाली नव्हती. सर फक्कीचा डबा हातात धरून उन्हात उभे होते आणि त्यांना वाटत होतं, या माणसाचा ट्रॅक्टर इथंच बंद पडावा.

ट्रॅक्टर थांबला. टाळ्या झाल्या. पोरं उड्या मारून खाली उतरली आणि कुंडलिकच्या भोवती गोळा झाली. तेव्हा सर पुढं झाले.

“कुंडलिकराव, फारच छान. आता जरा आमचंही बघा,” ते गोड आवाजात म्हणाले.

त्यांनी जमिनीवर फक्कीनं दोन रेघा मारल्या, आडवी आणि उभी. मग कोपऱ्यातून एक रेघ तिरकी वर चढवली, सपाट नेली आणि खाली उतरवली. हात झटकले.

“काय दिसतंय?”

उत्तर काय येणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या उत्तरासाठीच त्यांनी ती रेघ काढली होती.

कुंडलिक रेघेभोवती एक चक्कर मारून आला. जरा वाकून बघितलं. मग त्याचं तोंड खुललं. “ह्यो तर कालव्याचा पूल की! हितनं चढ, हितं सपाट, आन् हितनं उतार. भरल्या गाडीला ह्या चढाला लई जपाया लागतं बगा. आधीच खालच्या गेअरात घ्यायची, मदी गेअर बदलाया गेलं तर...”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघं हसले. मग सगळा वर्ग हसला. अडीच महिन्यांमागं हीच सगळी तोंडं ‘पूल’ म्हणून ओरडली होती, पण आता ती शहाणी झाली होती.

सरांना अशा वेळी म्हणायचं एक वाक्य होतं. चोवीस वर्षं ते त्यांनी दरवर्षी म्हटलं होतं, झोपेतही म्हटलं असतं. ते ओठापर्यंत आलं. कुंडलिक भांबावून पोरांकडं बघत होता, चुकलं काय ते त्याला कळत नव्हतं. सरांनी ते वाक्य गिळलं आणि वर्गाला पोटभर हसू दिलं. आणि एवढ्यावरही त्यांचं मन भरलं नाही.

“छकुली,” ते म्हणाले, “सांग तुझ्या तात्यांना, काय आहे ते.”

छकुली पुढं आली. खाली फक्कीकडं बघत म्हणाली, “पूल न्हाय तात्या. येग हाय.” शाळेत ती असं घरच्यासारखं कधी बोलायची नाही.

“आसं व्हय,” कुंडलिक म्हणाला. हसला. डोक्याचा टॉवेल काढून त्यानं उगाच हात पुसले, मॅडमना नमस्कार केला, सरांना केला, आणि ट्रॅक्टर चालू करून निघून गेला. जाताना त्यानं गेअर कसे टाकले इकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पोरं अजून हसत होती.

त्या दिवशी सर घरी आले ते गुणगुणतच. भाजी दोनदा मागून घेतली. बिस्मिल्लानं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “काही नाही. एकाला पूल दिसला.” ती त्यांच्याकडं बघत राहिली. नववीत आपल्याला पूल दिसला होता, ही गोष्ट ते नेहमी वेगळ्या आवाजात सांगायचे, एवढं तिच्या ध्यानात आलं.

सोमवारपासून वर्गात शांतता झाली. ‘तात्या म्हणतात’ बंद झालं, एकदमच. सरांना पहिले दोन दिवस कान मोकळे झाल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक प्रश्न टाकला, मुद्दाम छकुलीच्या आवडीचा, आणि वाट बघितली. तिचा हात वर आला नाही. नाव घेऊन उठवलं तर उठली, बरोबर उत्तर दिलं आणि बसली. उत्तराच्या मागं ‘पण सर’ नव्हतं. त्या ‘पण सर’साठी आपण रोज वर्गात येत होतो, हे सरांना तेव्हा कळलं.

त्यांनी काय काय करून पाहिलं! एकदा फळ्यावर मुद्दाम चूक केली, तिला सापडावी म्हणून. ती दुसऱ्याच एका पोराला सापडली आणि सरांनी त्याला उगाचच बसवलं. एकदा म्हणाले, “आता इथं एखाद्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं तर तो काय सांगेल बरं?” सगळा वर्ग छकुलीकडं वळला. तिनं पुस्तकाचं पान उलटलं. दिवाळीच्या आधी सत्र परीक्षा झाली. आलेखाचा प्रश्न होताच. तिनं पट्टीनं तीन सरळ रेघा ओढल्या होत्या, काटेकोर, कुठं खाच नाही, आणि उत्तर बरोब्बर, पुढं एक अक्षर जास्त नाही. सरांनी पाचपैकी पाच दिले. मग पान उलटून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं, पुरवणी उघडून पाहिली. काही नव्हतं.

‘आता ती सगळं बापालाच सांगत असेल,’ सरांच्या मनात आलं. घरी जाऊन दोघं बापलेक माझ्यावर हसत असतील. त्यानं तिला फितवलं असेल, त्या मुलाण्याशी बोलू नको म्हणून. म्हणजे शेवटी जिंकला तोच. दिवाळीची सुट्टी सरांची अशी गेली. पाहुणे आले, फराळ झाला, आणि सर मनात कुंडलिकच्या घरात बसून त्यांचं बोलणं ऐकत राहिले.

सुट्टी संपली आणि हंगाम सुरू झाला. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. एका सकाळी शाळा भरायच्या आधी दोन भरल्या ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर फाटकाच्या पुढं कडेला येऊन उभा राहिला. इंजिन चालूच ठेवून कुंडलिक खाली उतरला आणि सरांकडं आला. सरांना वाटलं, आला भांडायला. त्यांनी छाती पुढं काढली.

“सर, एक इचारायचं व्हतं,” कुंडलिक म्हणाला. “छकुली वर्गात बोलती का वो?”

“का?”

“घरात बोलत न्हाय. मंजी वाढा म्हणती, डबा द्या म्हणती. पर पैल्यावानी न्हाय.”

सर सावध झाले. “पूर्वी काय बोलायची?”

“तुमचंच की वो!” कुंडलिक म्हणाला. “ताटाव बसली की सुरू. सर असं म्हणालं, सर तसं म्हणालं. मी दिसभर राबून यावं आन् ताटात भाकरीसंगट मुलाणी सर. खोटं कशाला बोलू सर, मला जेवान ग्वाड लागायचं न्हाय. माझी पोरगी, आन् कवतिक दुसऱ्याचं.”

सरांच्या अंगावरून एक गोड शिरशिरी गेली. “काय म्हणायची?”

“म्हणायची, सरांनी रेघ काढली की ती चालाया लागती.”

“अजून?”

“म्हणायची, सर माझी मान हलल्याबिगार फुडं जात न्हाईत. तवाच एकदा ती तुमच्या रेघा काढत बसली व्हती, तर मी म्हणलं, तुझ्या सराला इचार, भरल्या गाडीचा क्लच दाबल्याव रेघ सरळ ऱ्हाती का. मुद्दाम म्हणलं. तुमाला खाली दावायचं व्हतं मला.”

सर ऐकत होते. ज्या माणसावर ते चार महिने जळत होते, तो त्याच्याही आधीपासून त्यांच्यावर जळत होता. त्या घरात रोज आपणच जेवायला होतो! त्यांना इतकं सुख झालं की तो काय विचारायला आला होता तेच ते विसरले. “अजून काय म्हणायची?” त्यांनी हावऱ्यासारखं विचारलं.

“तेच तर इचाराया आलोय, सर. आता तुमचं नाव काढत न्हाय. म्हणलं, माझी लाज वाटती म्हणून मला वगाळलं असंल, पर सरांशी तरी बोलत असंल.”

“नाही,” सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. “माझ्याशीही नाही. मला वाटलं, तुमच्याशी बोलत असेल.”

मागं इंजिन धडधडत होतं. सरांना आता सगळं स्वच्छ दिसलं. त्या घरातून त्यांचं नाव दुसऱ्या कुणी पुसलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलं होतं, आणि त्याबरोबर वर्गातून बापाचंही.

“कुंडलिकराव,” ते म्हणाले, “त्या दिवशी तो पूल मी मुद्दाम काढला होता.”

“मला ठावं हाय, सर. त्याच टायमाला कळलं. त्याचं काय न्हाय वो.” कुंडलिकनं मान खाली घातली. “पर तिलाबी कळलं.”

कोपऱ्यावरून पोरांच्या सायकली येताना दिसल्या. त्यात छकुली होती. दोघंही नकळत सरळ उभे राहिले. सरांनी शर्ट नीट खोचला, कुंडलिकनं डोक्याचा टॉवेल काढून खांद्यावर घेतला. इतकं सगळं बोलून झाल्यावरसुद्धा, ती आधी कुणाकडं बघते, हेच दोघांना बघायचं होतं. ती फाटकाशी उतरली, सायकल हातात धरून दोघांच्या मधून आत गेली आणि तिनं कुणाकडंच पाहिलं नाही.